कासवाच्या पाठीवरची हळद

अप्पा,

कासव अजून जिवंत आहे. आधी हेच सांगावं वाटलं, कारण तुम्ही असता तर दारातून आत येताना पहिलं हेच विचारलं असतं, माझी खुशाली नंतर. तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली. आई थकली; तिला एका कानानं ऐकू येत नाही आणि दुसऱ्या कानानं नको तेवढं ऐकू येतं. मी आपल्याच गावच्या मराठी शाळेत मास्तरीण आहे. आणि हे कासव माझ्या खाटेखाली धुतलेल्या पोत्यावर बसून आहे, मान आत घेतलेली, डोळे मिटलेले, डाव्या कानामागं दोन टाके.

गाठ पुन्हा आली. तुमच्या वेळी उजव्या कानामागं होती, आता डाव्या. गेल्या आठवड्यात मी त्याला टोपल्यात घालून, वर फडकं झाकून बसनं बिदरला नेलं. कंडक्टरनं विचारलं, "बाई, टोपल्यात काय हाय?" मी म्हटलं, वांगी. त्याला कशाला सांगू? कासव म्हटलं की माणसांचे डोळे कसे होतात ते मी लहानपणी बघितलंय. बिदरला आता जनावरांची डॉक्टरीण आहे, वयानं लहान, हातानं हलकी. तिनं सुई देऊन जागा बधिर केली, चीर दिली, आतून खव्यासारखी घट्ट गोळी काढली, जांभळं औषध लावलं. मग त्याला उताणं धरून सगळीकडून बघता बघता मागच्या पायांपाशी थांबली. "बाई, ये पीछे के नाखूनां किन्ने निकाले? बहुत साफ काम है." मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. बोलताना मान ताठ झाली माझी. पण येताना सारी वाट मी खिडकीकडं तोंड करून बसले होते. ते कशामुळं, ते तुम्हाला सांगायचंय.

तेव्हा गावातल्या गुरांच्या दवाखान्याच्या पाटीवर अजून म्हैसूर सरकार लिहिलेलं होतं. तुम्ही तिथं कंपौंडर, खाकी शर्ट, अंगाला कायम फिनेलचा वास. मी सातवीत. आपलं घर वस्तीच्या शेवटाला, मग चिंच, आणि चिंचेपलीकडं गावातलं पहिलं घर अण्णांचं. आपण दीक्षा घेऊन दहा वर्षं होत आली होती. तुम्ही घरातले देव काढले, हातातले गंडेदोरे तोडले, आणि गावातली निम्मी माणसं आपल्या घरचं पाणी तेव्हाही पीत नव्हती. अण्णा पीत. अण्णा शेतकरी, देवभोळे, उपासतापास करणारे. पण तुम्ही त्यांचा फुगलेला बैल वाचवलात त्या दिवसापासून ते आपल्या सतरंजीवर तुमच्या मांडीला मांडी लावून बसायचे आणि बशीतून चहा ओढायचे. "कंपौंडर, आज साखर इसरली वाटतं," असं आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. कासव त्यांनीच आणलं. तूर काढताना बांधाला सापडलं होतं, पाठीवर पिवळ्या चांदण्या. माझ्या हातात देऊन म्हणाले, "घे अक्का, शाळेला जाताना तुज्याहून हळू चालणारं येक तरी असू दे." मी शाळेला रोज उशिरा जायची, ते साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

वर्षभर सगळं बरं चाललं. मग कुणीतरी त्याची नखं मोजली. कासवाला नखं अठरा, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. आपल्याला वीस निघाली. मागच्या दोन्ही पायांना एकेक जादा. झालं, गावभर बोभाटा. वीस नखांचं कासव हळद-कुंकू लावून जमिनीवर सोडायचं आणि ते थांबेल तिथं खणायचं, खाली धनाचा हंडा असतो, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. बिदरचा किल्ला एवढ्या जवळ. पडकी भिंत दिसली की तिच्याखाली काहीतरी पुरलेलं असणारच, अशी सगळ्यांची खात्री. आणि खणून झाल्यावर कासवाचं काय करतात, तेही मला शाळेतल्या पोरींनी सांगितलं होतं. त्या दिवशी मी जेवले नाही.

महिन्याभरात रेक्झिनची पिशवी घेतलेला माणूस आला. कुठला ते शेवटपर्यंत कळलं नाही. ठाणाकुशनूरच्या बाजारात विचारत विचारत आलो म्हणाला. दारात उभा राहून दात कोरत त्यानं तुम्हाला सांगितलं, कासव द्या, दुभती म्हैस आत्ता आणून बांधतो. तुम्ही म्हणालात, "म्हशीला ताप आला तर दवाखान्याला घेऊन या. कासवाचं नाव काढू नका." तो हसला. "बघू की कंपौंडर, घाई कुणाला हाय," म्हणाला आणि निघून गेला. गेला कुठं, तर चिंचेपलीकडं, अण्णांच्या ओट्यावर. तिथं बसून पाणी प्याला, अण्णांशी चार शब्द बोलला. तुम्ही दारातून बघत होता. मी तुमच्या कोपराखालून बघत होते, आणि तुमच्या जबड्याचं हाड हललेलं मला दिसलं.

त्या दिवसापासून आपल्या घरात संशयाला पाट मांडला गेला. तुम्ही कामावर जाताना उंबऱ्याच्या आत चुलीतली राख भुरभुरायला लागलात, कुणाचं पाऊल उठतंय का बघायला. घरी आलात की चप्पल काढायच्या आधी, "आज कोण आलतं?" आई वैतागायची. "कोण येतंय आपल्याकडं? तुमची राख झाडून माजं कंबरडं मोडलंय." दाराची कडी बदलली, मागची खिडकी खिळे मारून बंद केली. अण्णा आले की तुम्ही पूर्वीसारखेच बोलायचात, पण कासव दुसऱ्या खोलीत असायचं. अण्णांच्या ते ध्यानात आलं की नाही कुणास ठाऊक. माझ्या आलं.

आणि अप्पा, तुमचंच बघून मी शिकले. तुम्ही साऱ्या गावावर नजर ठेवलीत, मी तुमच्यावर ठेवली. एका संध्याकाळी मी विहिरीवरून आले तर तुम्ही कासवाला मांडीवर उताणं घेऊन बसला होता. मागच्या पायाचं ते जादाचं नख अंगठ्यानं दाबून बघत होता, पुन्हा पुन्हा. मला बघितल्यावर ते पटकन खाली ठेवलंत. नुसतं बघायचं असेल तर लपवायचं कशाला? ज्याचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही त्यानं नखं कशाला चाचपावीत? माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. मी कुणाला बोलले नाही. बोलणार कुणाला? आई तुमची, अण्णा तुमचे.

मग कानामागं गाठ आली. बोराएवढी झाली, कासव डोकं तिरपं धरून चालायला लागलं, खाणं सुटलं. औरादहून डॉक्टर यायचे त्या दिवशी तुम्ही सकाळीच त्याला टोपल्यात घालून नेलंत. मला शाळा बुडवू दिली नाहीत. शाळेतून मी पळत आले. आयुष्यात पहिल्यांदा वेळेच्या आधी कुठं पोचले असेन. टोपलं चुलीशेजारी ठेवलेलं. कानामागं कापसाचा बोळा, वर चिकटपट्टी. बरं. मग मी खाली बघितलं. मागच्या दोन्ही पायांना पट्ट्या.

"अप्पा, गाठ कानामागं व्हती. पायाला पट्ट्या कामून?"

तुम्ही हात धूत होता. वळला नाहीत. "गप बस. सांगतो तेवढंच कर."

मी गप बसले. सांगितलं ते सगळं केलं, तेही नीट केलं, हे तुम्ही मान्य कराल. माती लागू द्यायची नाही, म्हणून पोती उकळत्या पाण्यात धुऊन वाळवायची आणि रोज बदलायची. सकाळचं कोवळं ऊन, सुपात ठेवून, तेवढा वेळ समोर बसून राहायचं, कारण घारी आणि माणसं. पाणी उकळून कोमट करून बशीत द्यायचं, बशी उथळ, जखमेला पाणी लागता कामा नये. दोन वेळा बोळा बदलायचा, जांभळं औषध लावायचं. पायाच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. त्या तुम्ही स्वतः सोडायचात, माझ्याकडं पाठ करून. पानं, काकडी, भोपळ्याची फोड, सगळं समोर ठेवून मी तासन्‌तास त्याची विनवणी करायची आणि ते मान आत घेऊन बसायचं. पाच दिवस झाले, सहा झाले, काही खाईना. हातात घेतलं की पूर्वीपेक्षा हलकं लागायचं. मला वाटायचं हे आपल्या घरात माझ्या डोळ्यादेखत मरणार आणि का मेलं हे मला कुणी सांगणारसुद्धा नाही.

त्याच दिवसांत शिवणयंत्र आलं. जुनं, पण चालतं, पायानं फिरवायचं. आई त्याच्यावरून हात फिरवत राहिली. "माज्या भावानं दिलंय, उदगीरहून. त्यांच्याकडं पडून व्हतं," म्हणाली. मामानं त्याआधी आपल्याला कधी फुटकी वाटी दिली नव्हती. मला काय समजायचं ते मी समजले. दोन नखं गेली आणि यंत्र आलं. पिशवीवाल्याला अख्खं कासव नको होतं, नखांवर भागलं असेल; किंवा आता नखं, मागून कासव. आईनं त्या यंत्रावर पहिला परकर माझाच शिवला, निळ्या काठाचा. मी तो घातला नाही. कंबरेत घट्ट होतो म्हणाले. तो सैल होता.

आता हळदीचं. सातव्या दिवशी दुपारी कानामागची जखम ओली दिसली, जांभळ्यातून काहीतरी पाझरत होतं. आई खुरपायला गेली होती, तुम्ही दवाखान्यात. मी त्या औषधाच्या बाटलीकडं बघत बसले. तुम्ही आणलेली बाटली. खरं सांगते अप्पा, माझ्या मनात आलं की या बाटलीत औषधच आहे कशावरून. कासव मेलं तर पिशवीवाल्याला देणं सोपं जाईल, घरात रडारड करायला कुणी उरणार नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात असलं यावं, आणि ते तिच्या बापाबद्दल. पण आलं, खोटं कशाला सांगू. मी बाटली लांब ठेवली, डब्यातली चिमूटभर हळद घेतली, तेलात कालवली, आईनं माझ्या कापलेल्या बोटाला लावली होती तशी, आणि कानामागं लावली. बोटं बरबटली होती. हातातलं कासव ठेवून फडकं आणायला कुठं उठायचं, म्हणून मी बोटं त्याच्याच पाठीला पुसली. चांदण्यांवरून चार पिवळे ओढे उमटले. मला ते तेव्हा दिसलेसुद्धा नाहीत.

थोड्या वेळानं अण्णा आले. मी टोपल्यावर फडकं टाकलं. त्यांनी उंबऱ्यात राख बघितली, ती ओलांडून आले, खाली बसले. "खाल्लं का गं काही?" मी मान हलवली. "खाईल. जनावर हाय, त्याला त्याचं कळतंय," म्हणाले. कासव दाखव म्हणाले नाहीत. पाणी मागितलं, प्याले, गेले. जाताना त्यांच्या पायाचा अंगठा राखेत उमटला.

तुम्ही संध्याकाळी आलात, पायाच्या पट्ट्या बदलायला फडकं काढलंत, आणि कासवाच्या पाठीवर हळद बघितलीत. तुमचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. रागानं नाही, भीतीनं पांढरा पडला होता. तुम्ही मला एवढंच विचारलंत, "घरात कोण आलतं?"

हळद कुणी लावली, असं विचारलं असतंत तर कदाचित मी सांगितलं असतं. तुम्ही विचारलंत, कोण आलतं. मी म्हणाले, "अण्णा आलते."

खोटं बोलले नाही. अण्णा खरंच आले होते. राखेत त्यांचा अंगठा होता. पण तुम्ही त्या हळदीतून काय वाचलंत ते मला तत्क्षणी कळलं होतं. हळद लावली म्हणजे पूजा केली, पूजा केली म्हणजे कासव आता त्यांचं झालं, आज-उद्या उचलायला येणार. सारं कळूनही मी तोंडात गुळणी धरली. दोन गोष्टी होत्या. एक, मार बसेल ही भीती. औषध सोडून काही लावायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि दुसरी, मला बरं वाटलं. तुम्ही माझ्याशी लपवाछपवी करताय ना, मग तुम्हालाही थोडं खोट्या वाटेवर फिरू दे, असं वाटलं.

तुम्ही चपला न घालता गेलात. मी मागं मागं. अण्णा गोठ्यात बैलाला वैरण घालत होते. तुमच्याकडं बघून हसले.

"आज आमच्या घरला गेलता?"

"गेलतो की. पोरगी एकटी व्हती. कामून?"

"कासवाला हळद लावायला?"

अण्णांच्या हातात वैरणीची पेंडी होती, ती तशीच राहिली. "कुणी? मी? तुमच्या घरात जाऊन मी हळद लावीन? काय बोलायलाव कंपौंडर?"

"त्या पिशवीवाल्याला ओट्यावर बशिवलं तवाच मला कळायला पायजे व्हतं. चार वेळा चहा पिला म्हणून माणूस आपला व्हत न्हाई. उद्यापासून आमच्या दारात येऊ नका."

अण्णांनी पेंडी बैलापुढं टाकली. त्यांच्या बायकोनं आतून डोकावून बघितलं आणि पुन्हा आत गेली. मग ते म्हणाले, "त्यानं पाणी मागितलं, मी दिलं. तुम्ही मागितलं असतं तर तुम्हालाबी दिलंच असतं." आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं. त्यांना तेव्हाच सगळं कळलं असेल का, हा विचार मी हजारदा केलाय. माझ्या उजव्या हाताची बोटं पिवळी होती. मी हात परकरात लपवला.

कासवानं दहाव्या दिवशी खाल्लं. तुम्हाला आठवत असेल, मी फड्या निवडुंगाची लाल बोंडं काटे काढून समोर ठेवली होती, आणि पाणी घेऊन येते तो ह्याचं तोंड, मान, पुढचे पाय सगळं लालभडक. मी असा गळा काढला की वस्तीतली चार माणसं धावत आली. आईनं बोट लावून चाटलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. "रगत न्हाई गं बये, बोंड खाल्लंय त्यानं." तुम्ही हसलात. त्या दहा दिवसांत तुम्ही हसलेले तेवढेच. हसता हसता चिंचेकडं बघितलंत. ही गंमत सांगायला माणूस तिकडंच होता. मग आत निघून गेलात.

तीन आठवड्यांनी तुम्ही मला बोलावलंत, पायाच्या पट्ट्या माझ्यासमोर सोडल्यात आणि म्हणालात, "मोज." मी मोजली. अठरा. मागच्या पायांवर जादा नखांच्या जागी दोन गुळगुळीत, गुलाबी ठिपके. "किती?" "अठरा." "पुन्हा मोज." अठराच. "आता शाळेत सांग, विहिरीवर सांग, बाजारला गेलीस तर तिथं सांग. आमच्या कासवाला अठरा नखं हायेत, ज्याला पाह्यचं त्यानं येऊन मोजावं." मग आवाज खाली आणून म्हणालात, "आपण किती बी शिकलो, लोकांच्या डोक्यातलं काढता येत न्हाई बाळ. म्हणून ह्याच्या पायातलं काढलं. भूल दिलेली व्हती, त्याला कळलं न्हाई."

"ती दोन नखं कुठं हायेत?"

"चुलीत."

पिशवीवाला पंधरा दिवसांनी आला. तुम्ही कासव स्वतः त्याच्या हातात दिलंत. त्यानं आपल्याच ओट्यावर बसून मोजलं, उलटं मोजलं, ठिपक्यांवरून नख फिरवलं, तुमच्याकडं बघितलं, आणि एक घाण शिवी देऊन निघून गेला. या खेपेला तो पाणी प्यायलाही कुठं थांबला नाही. कासव वाचलं.

म्हणजे मला सगळं कळलं होतं अप्पा, त्याच दिवशी. तुम्ही चोर नव्हता. बाटलीत औषधच होतं. मग मी त्याच संध्याकाळी का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तुम्ही मला एक थोबाडीत दिली असती आणि तसेच अनवाणी पलीकडं गेला असता, मला तुम्ही ठाऊक आहात. पण मी मनाला सांगितलं की नखं चुलीत घातली हे कशावरून? यंत्र मामानं दिलं हे कशावरून? मी मामीला खोदून खोदून विचारलं, ती म्हणाली व्हय, आमीच दिलं, तर मला वाटलं हिला पढवलंय. किती वर्षं मी तो संशय जपला. तुम्ही गेल्यावरही जपला. आता कळतंय की मला तो सोयीचा होता. तुमच्यावर थोडा तरी वहीम शिल्लक असेपर्यंत माझ्या पिवळ्या बोटांचा हिशेब कुणी मागत नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही. बिदरच्या त्या पोरीनं साफ काम आहे म्हटलं आणि तो वहीम गळून पडला. जो माणूस विकायला कापतो तो मुक्या जनावराचा पाय इतका सांभाळून कापत नाही.

तुम्ही त्यानंतर आठ वर्षं जगलात. रोज चहाच्या वेळेला तुम्ही सतरंजी टाकायचात आणि एकटे बसायचात. दुसऱ्या कुणाशी तुमचं तसं जमलं नाही. अण्णांचा तो बैल म्हातारा होऊन पडला तेव्हा त्यांनी भालकीच्या दवाखान्याला माणूस पाठवला, चिंचेअलीकडं तुम्ही असताना. तुम्हाला ते कळलं त्या दिवशी तुम्ही भाकरी मोडून तशीच ठेवलीत. तुमच्या मातीला अण्णा आले होते. लांब उभे होते, आणि सगळे निघाल्यावर एकटेच थांबले.

परवा ते चिंचेखाली आले होते. काठी लागते आता, डोळ्यांना फार दिसत नाही. कासवाला पुन्हा कापलं हे आईकडून सगळ्या गावाला कळलंय. आपल्या दारापर्यंत आले नाहीत, तिथूनच हाक मारली. "अक्का, कासव कसं हाय?"

"बरं हाय अण्णा. काल भोपळा खाल्लाय."

"खाऊ दे."

मी म्हटलं, "आत या की. हातात घेऊन बघा."

"न्हाई अक्का. कंपौंडर येऊ नका म्हणला व्हता. या म्हणायला आता त्यो न्हाई."

मी तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होते, चारच शब्द, हळद मी लावली होती. आणि मी म्हणाले, "ऊन लागतंय अण्णा, घराकडं जावा." ते गेले.

तर अप्पा, हळद मी लावली होती. तुम्हाला सांगणं सोपं आहे. तुम्ही उठून थोबाडीत देणार नाही, तुमचा चेहरा मला बघावा लागणार नाही, आणि हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचा प्रश्नच नाही. सकाळपासून बसून चार पानं लिहिली, आई दोनदा विचारून गेली की कुणाला एवढं लिहायलीस. हे सगळं ज्यांना सांगायचंय ते त्यांच्या ओट्यावर बसलेत, इथून दिसतात. मी तुम्हाला लिहिलं, कारण ते जिवंत आहेत.